दवकाठी आणि पंधरा सेकंद

या, जरा पुढे सरकून बसा. कोपऱ्यातल्यांनीही या, गोष्ट लहान आहे आणि हलक्या आवाजातच सांगण्यासारखी आहे. एका मुलीला नको असलेली वस्तू मिळाली आणि तिच्या जिवाला घोर लागला, त्याची ही कथा.

दूर पूर्वेच्या देशात, सुन्चन गावात, स्टेशनमागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर एक गेमिंग कॅफे आहे. युन्सुल दर बुधवारी सकाळी अकराला तिथे यायची. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, आणि दुकान बुधवारी बंद. ती खेळायची त्या खेळातले सगळे बॉस, म्हणजे टोळीने मिळून मारायचे मोठे राक्षस, तेही बुधवारीच पुन्हा जिवंत होऊन उभे राहत. सोय वरूनच झालेली म्हणायची.

राखेच्या खाणीतला लोहबैल मारायला आठ जण लागतात. ओळखदेख नसलेले आठ जण जमतात, एकमेकांना टोपणनावापुढे ‘जी’ लावून हाका मारतात, पंचवीस मिनिटं जिवाला जीव देतात आणि पांगतात. युन्सुल तिरंदाज. टोपणनाव – खरपुडी. बैल आडवा झाला की बक्षीस पडतं आणि प्रत्येकाच्या पडद्यावर दोन बटणं येतात – ‘फासा टाका’ आणि ‘सोडून द्या’. मुदत पंधरा सेकंद. फाशाचा आकडा ज्याचा मोठा, वस्तू त्याची. नियम कुठे लिहिलेला नाही, पण रीत पक्की. वस्तू ज्याच्या कामाची, त्यानेच फासा टाकायचा. बाकीच्यांनी मुकाट सोडून द्यायची.

त्या बुधवारी बैलाने दवकाठी टाकली. ही वैद्याची काठी. पडलेल्या सोबत्यांवर दव शिंपडून त्यांना उठवणारी. वर्षा-दोन वर्षांत कुणाला दिसली तर दिसली. आणि नेमकं त्याच घटकेला युन्सुलचं नूडल्सचं वाडगं आलं. डाव्या हाताने तिने वाडगं घेतलं, उजव्या हाताचं बोट सवयीने खाली आलं...

फासा. अठ्ठ्याऐंशी!

टोळीतल्या वैद्याचे आले तेवीस. काठी तिरंदाजाच्या हाताला चिकटली. एकदा चिकटली की ती दुसऱ्याला देता येत नाही.

“अगं आई गं...” पाठीमागून कुणीतरी कण्हलं.

युन्सुलने वळून पाहिलं. तिच्या पाठीला पाठ लावलेल्या खुर्चीत एक मुलगा डोकं धरून बसला होता. बाहीवर तांदळाचं पीठ, अंगाला तिळाच्या तेलाचा वास. आणि त्याच्या पडद्यावर उभा होता त्यांच्याच टोळीतला वैद्य, टोपणनाव ‘छत्री विसरलो’.

“छत्रीजी...?” तिच्या तोंडून निघून गेलं.

तो वळला. तिच्या पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं. “खरपुडीजी? म्हणजे माझी काठी या नूडल्सनी खाल्ली?”

“बोट घसरलं हो! देवाशपथ, मुद्दाम नाही...”

पडद्यावर टोळीचा नाईक ‘कोबीचा गड्डा’ तापला होता. ‘खरपुडीजींना फळ्यावर चढवा,’ त्याने लिहिलं. फळा म्हणजे खेळणाऱ्यांची चावडी. लबाडी करणाऱ्याचं नाव तिथे लागतं, आणि लागलं की कुठलीही टोळी त्याला जवळ करत नाही.

मुलाने सुस्कारा सोडला आणि टाइप केलं, ‘चढवू नका. काठी पुन्हा पडेपर्यंत त्या दर बुधवारी आपल्यासोबत बाण मारतील.’ मग मान वळवून, “चालेल ना?”

“न चालून सांगते कुणाला?”

“मग खाऊन घ्या. गार होतंय.”

त्याचं नाव इन्ग्यू. घरची तांदळाच्या वड्यांची गिरणी होती. पहाटेपासून वाफेत उभा राहायचा, दहाला मोकळा व्हायचा. दुसऱ्या बुधवारी त्याने कागदात गुंडाळलेल्या हिरव्या वड्या खुर्चीच्या पाठीवरून पुढे केल्या. अजून कोमट होत्या.

“वय काय तुमचं?” त्याने विचारलं. तिथे हे आधी विचारतात, बाकीचं मग.

“सत्तावीस.”

“अरेरे. मी सव्वीस. म्हणजे ताई म्हणायला हवं.”

“म्हणून तर बघा!”

तो थांबला... “नाही म्हणवत.”

“का?”

“तोंडात वडी आहे.”

पुढच्या आठवड्यात त्याने कुरबुर केली, “तुमचे बाण बैलापेक्षा माझ्या कानाजवळूनच जास्त जातात.”

“कान एवढे मोठे वाढवले तर जाणारच.”

कान लाल झाले. तिने ते काळ्या पडद्यातल्या प्रतिबिंबात पाहिलं. खाण उघडायला जे अर्धं मिनिट लागतं, त्यात पडदा काळा असतो आणि मागचं सगळं दिसतं. त्यालाही दिसत असणार, हे तिला चार आठवड्यांनी सुचलं. तोवर पाहायचं ते पाहून झालं होतं.

त्याच्या चष्म्याची डावी दांडी ढिली होती. चष्म्याचं काम करणाऱ्याला असलं बघवत नाही. एका बुधवारी ती बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

“काढा.”

त्याने काढला. डोळे मिचकावत बसला. “आता काही दिसत नाही.”

“काय पाहायचंय एवढं?”

“समोरचं.”

तिचा स्क्रू खाली पडला. दोघांनी मिळून तो टेबलाखाली शोधला, आणि शोधायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ लावला.

रस्त्यावरच्या गिंको झाडांची पानं पिवळी झाली. तेव्हा एकदा वडी तोडता तोडता तो सहज बोलून गेला, “काठी मिळाली की खेळ बंद. बाबांना शब्द दिलाय. मग सकाळ-दुपार गिरणीच.”

“अच्छा,” युन्सुल म्हणाली. हातातली वडी तिने पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली.

त्या रविवारी ती आईबरोबर मंदिरात गेली. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे दिवस. आया मुलांसाठी शंभर-शंभर लोटांगणं घालत होत्या – माझ्या लेकराचं होऊ दे. त्यांच्यात बसून युन्सुलने मागितलं, त्याचं होऊ नये. काठी पडू नये. देवाच्या दारी दुसऱ्याचं उणं मागायची पाळी आली, तेव्हा पाणी कुठवर चढलंय ते तिचं तिला कळलं.

देव ऐकतो की नाही याचा भरवसा नव्हता. म्हणून बुधवारी तिने स्वतःच हात घातला. बैल शेवटच्या धापेला आला की हंबरडा फोडतो. त्याच क्षणी त्याच्या कपाळावरच्या घंटेवर बाण बसला पाहिजे, नाहीतर सगळे मेले. काम तिरंदाजाचं. युन्सुलने बाण भिंतीत मारला.

आठही जण आडवे झाले.

आता, टोळी मेली की बोल वैद्याला लागतो. कसला बाण आणि कसली घंटा, ते कुणी पाहत नाही. ‘छत्रीजी, डुलकी लागली होती का?’ ‘काठी मागणाऱ्याने आधी हातातली नीट धरावी.’ ‘पुढल्या वेळी दुसरा वैद्यही आणतो,’ नाईकाने बजावलं.

इन्ग्यूने लिहिलं, ‘माफ करा. माझं चुकलं.’

तिला वाटलं, तो वळेल. खुर्ची करकरली नाही. टेबलाच्या कडेला एक वडी ठेवून तो निघून गेला.

सात दिवस ती काचा घासत राहिली. दोन काचा फुटल्या.

पुढल्या बुधवारी टोळी जमली. नाईकाने खरंच दुसरा वैद्य आणला होता, ‘झोपाळू गोगलगाय’ नावाचा. लढाई सुरू होण्याआधी युन्सुलने सगळ्यांसमोर लिहिलं, ‘मागच्या वेळी बाण मी मुद्दाम चुकवला. छत्रीजींचा दोष नव्हता.’

नाईकाने लिहिलं, ‘आजचा बैल होऊ द्या. नंतर फळा.’

बाण या वेळी घंटेच्या मधोमध बसला. बैल गुडघ्यांवर आला, कोसळला... आणि राखेत दवकाठी चकाकली.

फासा टाका. सोडून द्या. पंधरा.

युन्सुलने लगेच ‘सोडून द्या’ दाबलं. पाठीमागे खुर्ची करकरली. इन्ग्यू पुरता वळून बसला होता, पडद्याकडे पाठ करून.

“मुद्दाम का चुकवला?”

“अहो, काठी! आधी फासा टाका!”

“आधी सांगा.”

“नऊ सेकंद राहिलेत!”

“मग लवकर सांगा.”

“काठी पडली की तुम्ही जाणार म्हणून!” ती जवळजवळ ओरडलीच. शेजारच्याने कानावरचे हेडफोन काढले. “बुधवार संपणार म्हणून. कळलं? वळा आता... चार राहिले... इन्ग्यू!”

तो वळला नाही. चष्म्याआडून तिच्याकडे पाहत राहिला. पंधरा सेकंद संपले, आणि मुदत संपली की खेळ ते सोडून दिल्यातच धरतो.

काठी गोगलगायीला गेली. फाशावर आले होते चार. पण टाकणारा एकटाच होता.

“वेडा आहेस का तू?” युन्सुलच्या डोळ्यांत पाणी आलं. “इतके दिवस थांबला होतास! आता बाबांना काय सांगशील?”

“काठी मिळाली नाही, असं सांगेन.” त्याने खिशातून कोमट पुडी काढली. “खोटं कुठे आहे त्यात?”

त्याच दिवशी युन्सुलचं नाव फळ्यावर चढलं, ते वसंतापर्यंत उतरलं नाही. कुठलीच टोळी तिला घेईना. तेव्हा बुधवारी अकराला ती गिरणीत जाऊन बसू लागली. इन्ग्यूच्या वडिलांनी पहिल्या दिवशी विचारलं, “ही कोण?” इन्ग्यू म्हणाला, “माझ्या टोळीतली.” म्हाताऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वड्या वळायला पीठ पुढे सारलं.

त्यांचं ते सुखाने करतील. तुम्ही मात्र त्या गोगलगायीची आठवण ठेवा. त्या बिचाऱ्याने तीनदा ‘आभारी आहे’ लिहिलं, एकानेही उत्तर दिलं नाही. चार आकडा पडूनही आपल्याला एवढं कसं मिळालं, याचा त्याला अजून उलगडा झालेला नसेल. तुमच्या पदरात कधी असं न मागता काही पडलं, तर क्षणभर त्याचं स्मरण करा.