अडतिसावा गडी

त्या रविवारीही हुल्डा बर्गस्ट्रॉम बेसबॉलच्या मैदानात तिसऱ्या बेसमागच्या आपल्या बाकावर येऊन बसली. शेजारची जागा तिनं भाजलेल्या शेंगांची पुडी ठेवून अडवली. गेली नऊ वर्षं अडवत होती.

"काकू, जरा सरका की," मागून कुणी म्हणालं.

"सारं आयोवा मोकळं पडलंय, अन् तुला इथंच बूड टेकायचंय?"

शेंगा तिच्या लेकाच्या, नेल्सच्या आवडीच्या. लहानपणी तो दाणे खाऊन टरफलं पुन्हा मिटवून ठेवायचा आणि भावंडांना फसवायचा. नऊ वर्षांपूर्वी याच मैदानावर पावसानं सामना थांबला, तेव्हा नेल्स तिसऱ्या बेसवर उभा होता, घरच्या बेसपासून, म्हणजे धावेपासून, एकच टप्पा दूर. त्याच रात्री पुढच्या सामन्याला निघालेली संघाची बस नदीत गेली. बाकीचे सापडले, नेल्स नाही. पेपरात सामन्याचा तक्ता मात्र आला. नेल्सच्या नावापुढं धावा शून्य. तळाशी, बेसवर उरलेले: एक. दोन इयत्ता शिकलेल्या हुल्डाला तेवढं वाचता आलं. तिनं थडगं बांधू दिलं नाही. ती इथं येऊन बसू लागली.

आता मैदान विकलं होतं. उद्या इथं नांगर फिरणार. मग पोरानं उभं राहायचं कुठं? हा घोर तिनं कुणाला सांगितला नव्हता.

तीन आठवडे पावसाचा टिपूस नव्हता. आठव्या डावात अचानक चिखलाचा वास आला.

बेस तिन्ही रिकामे होते. तरी पाहुण्या संघाचा तिसरा बेस राखणारा गडी दोन पावलं बाजूला झाला, कुणाला जागा द्यावी तसा. चेंडू टाकणारा पुन्हा पुन्हा तिकडंच वळून बघत होता. मग फलंदाजानं उंच फटका मारला. दूरवर उभ्या गड्यानं तो झेलला. असा झेल झाला की तिसऱ्या बेसवरच्यानं घराकडं धावत सुटायचं असतं.

सगळ्या माना तिसऱ्या बेसकडं वळल्या.

तिसऱ्या बेसपासून घरच्या बेसपर्यंत कोरड्या मातीवर पावलं वाजली. ओली.

पंचानं दोन्ही हात पसरले. पोचला.

कुणी हरकत घेतली नाही. फळ्यावरच्या माणसानं आठव्या डावापुढं एकाचा आकडा लटकवला. लोकांनी टोप्या काढल्या. का काढल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सामना संपल्यावर नोंदी ठेवणारा क्लेटस डूली हातात तक्ता घेऊन खाली आला.

"हुल्डाकाकू, ताळा जमत नाही. आलेला फलंदाज एकतर बाद होतो, धाव काढतो, नाहीतर बेसवर उरतो. चौथी गत नाही. आपले फलंदाज पाळीपाळीनं सदतीसदा आले. हिशेब लागतोय अडतीस जणांचा."

"मग?"

"ही चौथी धाव... कुणाच्या नावावर लिहू?"

"त्या पावसातही तूच लिहीत होतास ना रे? तेव्हा विचारलं होतंस मला?"

क्लेटसनं पेन्सिल जिभेला लावली आणि मान खाली घालून लिहिलं. नाव कुणाचं, ते त्यानं पुन्हा विचारलं नाही.

"नीट अक्षरात लिही. कोंबडीचे पाय नकोत."

तो गेल्यावर हुल्डा पुडी उचलायला वळली. पुडी भरलेली दिसत होती, पण हाताला वजन लागेना. कागद भिजला होता.

तिनं एक शेंग दाबली. आत दाणा नव्हता.

दुसरीतही नव्हता.