करदोट्याखालची खपली

मृत्यूपुढे सगळे सारखे, आणि सत्य कधी लपत नाही.

ही घटनाही शंभर टक्के सत्य आहे. साक्षीदार तिघं. एक तापात बरळत होता, दुसरा डॉक्टर होता. तेव्हा त्या दोघांचं सोडा. तिसरी दीपमाला, माझ्या मावसभावाची सून. ती खोटं बोलत नाही.

ठिकाण कुरुळी, डॉक्टर रणजीत यांचा दवाखाना. वेळ गुरुवारी दुपारी तीनची. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि आम्हाला लाइट नाही. अंधारासाठी रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही.

दीपमालाचा नवरा समाधान नऊ दिवस तापाने फणफणत होता.

डॉक्टरांच्या पाटीवर सहा पदव्या, त्यातली एक योगासनांची. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत त्यांचं निदान तयार. समाधानच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये टायफॉईड आला होता. मग काय, रोज एक सलाईन. ताप जागचा हलेना. आज तर धाप लागली होती.

"एकदा शर्ट काढून बघा की, डॉक्टर," दीपमाला म्हणाली.

"ताई, ताप शर्टाच्या आत नसतो. रिपोर्टमध्ये असतो."

आणि ते बाहेर भजी खायला बसले.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती, उजेड दारातून येईल तेवढाच. पंखा बंद. समाधानचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग... काकणं वाजली.

कोपऱ्यात एक म्हातारी. हिरवं लुगडं, डाव्या हाताची करंगळी अर्धी. दवाखान्यातली आया असेल, असं दीपमालाला वाटलं. म्हातारीने समाधानचा शर्ट काढला आणि बोटांच्या बेचक्या, काखा, कानामागे, सगळं बघत सुटली.

नऊ दिवसांत त्याच्याकडे कुणी इतकं पाहिलं नव्हतं.

काकणं वाजतच होती...

म्हातारीची मनगटं मोकळी होती.

"करदोटा वर कर," ती म्हणाली.

दीपमालाने त्याच्या कमरेचा काळा दोरा सरकवला.

खाली काळी खपली. विडीचा चटका दिल्यासारखी. दुखत नव्हती, म्हणून समाधानला पत्ता नाही. काळ्याखाली काळं, म्हणून तिलाही नाही.

"गवतात लोळतो का ह्यो?"

निघोज्याला कंपनीमागच्या गवतात तो जेवणाच्या सुट्टीत रोज आडवा व्हायचा.

"मग किडा चावलाय. टायफॉईड न्हाई ह्यो. दाखव त्या शहाण्याला."

दीपमालाने दारातूनच हाक मारली. डॉक्टर भजं हातात घेऊनच आले. खपली पाहून म्हणाले, उष्णता. मग ही कुणी दाखवली, असं विचारलं. दीपमाला म्हातारीचं वर्णन सांगत करंगळीपर्यंत आली, आणि भजं खाली पडलं.

मंजुळाबाई. आधीच्या डॉक्टरांची आया. तापाचा प्रत्येक पेशंट उघडा करून बघायची. हा बैलबाजार बंद करा, म्हणून रणजीत यांनी तिला काढलं होतं.

ती दिवाळीत वारली होती.

खोलीला दार एकच. हाक मारताना दीपमाला त्याच दारात उभी होती, बाहेर कुणी गेलं नव्हतं. आत समाधान एकटा... शर्ट नीट घडी करून उशाशी.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खपली बघितली, रक्त पुन्हा तपासलं. स्क्रब टायफस, गवतातला किडा चावून येणारा ताप. आधीचा रिपोर्ट फसवा निघाला. अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, म्हणाल्या. गोळ्या बदलल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

दीपमाला तेव्हापासून बांगड्या घालत नाही. आवाज नको म्हणते.

महिन्याने दोघं कुरुळीला गेले. गुरुवारच होता. डॉक्टर रणजीत आता दाढ दुखली तरी शर्ट काढायला लावतात. त्यांनी मोठ्या ऐटीत समाधानचा करदोटा स्वतः वर केला.

तेवढ्यात... काकणं.

डॉक्टर जागच्या जागी थिजले. आवाज अगदी कानापाशी आला. दीपमालानेही ऐकला.

"डाक्टर... भज्यांचं हात तेवढं धुऊन घ्या."