खरं सांगायचं ठरलं

दहिवलीच्या त्या कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम एकच होती आणि आरसा तिच्या बाहेर. त्यामुळे काहीही घालून बघायचं, तर चारचौघांसमोर येऊनच बघावं लागे. मनाली गुलाबी, फुलाफुलांचा कुर्ता घालून पडद्याबाहेर आली, आरशासमोर उभी राहिली... आणि मागून आवाज आला,

"हे खांदे तुमचे नायत."

तिनं वळून पाहिलं. हातावर शर्टांची चळत घेऊन एक उंचसा तरुण आपली पाळी यायची वाट बघत होता. बोलून गेल्यावर तिच्यापेक्षा तोच जास्त दचकला होता.

"सॉरी. म्हणजे... शिवण बघा ना. दंडावर उतरलीय. धाकटीनं थोरलीचे कपडे घातल्यासारखं वाटतंय."

राग यायला हवा होता. पण मनालीला हसू आलं, कारण ती खरोखरच धाकटी होती. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तिचे कपडे थोरली बहीण छायाताईच आणायची. बहुतेक गुलाबी आणि नेहमी एक माप मोठे. 'अंगानं भरशील गं,' म्हणायची. मनाली तिशीला आली, मोहोपाड्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख झाली, तरी कपडे तसेच राहिले होते. मागच्या आठवड्यात बाहेरून आलेल्या एका साहेबांनी तिलाच विचारलं होतं, "बाळ, तुमच्या मॅडम कुठं बसतात?" सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवशी दुपारी डबा तिला गेला नाही.

म्हणून आज ती पहिल्यांदाच एकटी दुकानात आली होती. आणि इथंही तिच्या हाताला लागला तो गुलाबीच.

"आता तुम्ही दाखवा," ती म्हणाली. "तुमचे खांदे मी बघते."

तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा अंगात चकाकणारा जांभळा शर्ट होता.

"तुम्ही बँजो पार्टीत वाजवता का?" तिनं गंभीरपणे विचारलं.

"नाय. कुंभिवलीला हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान हाय माझं. जगदीश नाव." त्यानं आरशात पाहिलं. "लईच चमकतोय का?"

"कुठं घालायचाय?"

"पुढच्या रविवारी मुलगी बघायला जायचंय."

"मग तर नकोच."

तिथंच दोघांचं ठरलं – एकमेकांना खरं सांगायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. मग तासभर नुसता धुमाकूळ. तो म्हणायचा, हात वर करा, बसून बघा, दिवसभर यात वावरता येईल का? ती म्हणायची, कापड दारात उजेडात न्या, इथल्या दिव्यांचा भरवसा नाही.

"तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" मध्येच त्यानं विचारलं.

हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिनं मांडणीवरून नजर फिरवली आणि खालच्या कप्प्यातला गडद निळा सुती कुर्ता ओढून काढला. साधा, सरळ शिवणीचा, मापाचा. तो घालून ती बाहेर आली तेव्हा जगदीशनं एकदा तिच्याकडे, एकदा आरशात पाहिलं.

"खरं सांगायचं ठरलंय," तिनं आठवण करून दिली.

"हो, सांगतो ना..." तो म्हणाला आणि उगाच हातातल्या शर्टाची घडी घालत राहिला. "एकदम तुमचा वाटतोय."

त्याच्यासाठी तिनं मातकट हिरवा, साधा शर्ट निवडला. त्यात तो बरा दिसत होता. बरा म्हणजे – जरा जास्तच. रविवारी कसा दिसला ते कळवायला म्हणून नंबर दिले-घेतले गेले.

घरी छायाताईनं निळा कुर्ता हातात घेतला, उलटापालटा केला. "हा रंग मी कधी आणला नसता तुला," ती म्हणाली. आवाज किंचित दुखावलेला होता. पण मनाली तो घालून समोर उभी राहिली, तशी ताईनं तिच्या खांद्यावरून हलकेच हात फिरवला. "मोठी झालीस गं. आमी बघितलंच नाय."

सोमवारच्या मीटिंगमध्ये मनाली कोपऱ्यातली खुर्ची सोडून टेबलाशी बसली. एका नमुन्याचा अहवाल तिला पटला नव्हता. तिनं तो पुन्हा करायला सांगितला आणि सांगताना आवाज बारीक केला नाही. कुर्त्यानं काही जादू केली नव्हती. बाही सावरायची नव्हती, ओढणी ओढायची नव्हती, एवढंच. लक्ष सगळं बोलण्यात होतं.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, तेव्हा तिला जगदीशच आठवला. त्यालाच सांगितलं. मग रोज काहीबाही सांगणं सुरू झालं... आणि रविवार उजाडला.

सकाळी त्याचा फोटो आला. मातकट हिरवा शर्ट, नीट विंचरलेले केस. 'छान,' तिनं लिहिलं. खरं सांगायचं ठरलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. त्याच्याकडून पुढं काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग मंगळवारी मेसेज आला, 'पँट घ्यायची राहिली. याल का?'

पाऊस परतीला लागला होता. भुरभुर मध्येच यायची, मध्येच थांबायची. दुकानापाशी तो उभा होता, पण आत जायची त्याला काही घाई दिसत नव्हती. दोघं चालत उल्हास नदीच्या पुलापर्यंत आली.

"मुलीला शर्ट आवडला?" मनालीनं नदीकडे बघत विचारलं.

"लई आवडला. हुशार होती मुलगी. बोलायला बाजूला बसलो तर म्हणाली, कुणी निवडला? मी सांगितलं तुमच्याबद्दल. दुकान, गुलाबी कुर्ता, बँजो पार्टी... सगळं. सांगतच बसलो."

"मग?"

"मग ती हसली. म्हणाली, एवढं सगळं हाय, तर तुमी इथं कशाला आलात?"

मनालीनं कठडा घट्ट धरला.

"मी तिला हात जोडले," जगदीश म्हणाला. "तिथनं निघालो. घरच्यांना समजवण्यात दोन दिवस गेले. आता सांगायला आलोय... मला तुमी आवडता, मनाली. गुलाबीतही आवडला होतात. नाय तर मी कशाला मध्ये बोलतोय?"

भुरभुर पुन्हा सुरू झाली. तिनं ओढणी डोक्यावर घेतली नाही. पर्समधून फोन काढला आणि ताईला लावला.

"ताई, एक माणूस पसंत केलाय मी."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज थांबला. "कुणी दाखवला गं?"

"कुणी नाही. माझा मीच बघितला."

पलीकडे नळ बंद झाला. मनालीनं वाट पाहिली, घाईनं काही सारवासारव केली नाही.

"नीट बघितलास ना?"

"उजेडात बघितला, ताई."

"मग घेऊन ये की घरी. जेवायला काय आवडतं त्याला?"

मनालीनं फोन कानापासून दूर धरला. "ताई विचारतेय, जेवायला काय आवडतं?"

जगदीश लाल झाला होता. "काहीबी चालंल," तो पुटपुटला.

"काहीबी नाही. तुला काय आवडतं ते सांग."

तिच्या तोंडून 'तुला' निघून गेलं होतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. पलीकडून ताई "हॅलो, हॅलो" करत राहिली.