तिचं ‘बघते’

दार धाडकन उघडलं आणि हातातला काचपट्ट्यांचा ट्रे तिच्याच अंगावर आला. दोन पट्ट्या फुटल्या. दारात एक उंच माणूस उभा, चेहऱ्यावर चक्क हसू!

“अहो, बघून उघडावं ना दार!”

“सॉरी... आत कुणी नसेल असं वाटलं. बुधवारचं प्रॅक्टिकल माझं होतं, ते रद्द झालंय ना?”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. “रद्द नाही झालं. मी घेतेय ते!”

मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात दोघंही नवे व्याख्याते. तो तर जेमतेम महिन्याभरापूर्वी आलेला. बुधवारची दुपार तिच्या संशोधनासाठी राखलेली होती. या सत्रात शोधनिबंध गेला नाही, तर तिची नोकरी कायम होणार नव्हती. आणि निबंध पहिल्या पानावरच अडून बसला होता.

“पण ‘आजचं प्रॅक्टिकल घेणार ना?’ असं सरांनी विचारलं, तेव्हा मी नुसतं ‘बघतो’ म्हणालो होतो...”

“मीही ‘बघते’च म्हणाले होते!”

बोलता बोलता तिलाच लख्ख कळलं. विभागप्रमुखांच्या लेखी त्याचं ‘बघतो’ म्हणजे ‘जमणार नाही’, आणि तिचं ‘बघते’ म्हणजे ‘झालंच समजा’! पाहुण्यांचं स्वागत, मीटिंगचं टिपण, रडणाऱ्या मुलींची समजूत... सगळं या एका शब्दापायी तिच्या गळ्यात पडलं होतं. संतापाने तिचे डोळे भरून आले. तो काचा गोळा करायला वाकला, तर तिला त्याचाही राग आला.

“हातमोजे घाला आधी!”

“घालतो. आणि आजचं प्रॅक्टिकल मी घेतो. ‘बघतो’ नाही – घेतो. तुम्ही जा, लिहा.”

त्यानंतर दर बुधवारी भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, मुलांचं हसू यायचं. ती लिहिता लिहिता थांबून ऐकत बसायची. तो आवडायला लागला होता... आणि इतक्या कामात हे आणखी एक कशाला, म्हणून ती स्वतःवरच वैतागायची.

एका सकाळी सर आले. “मॅडम, उद्या तपासणी समिती येतेय. स्वागताचं तेवढं बघाल ना?”

शब्द अगदी जिभेवर आला. समोरच्या टेबलावरून त्याने नुसतं वर पाहिलं. तिच्या वतीने तो बोलला नाही, हे तिला फार बरं वाटलं.

“नाही सर. उद्या निबंध पाठवायचाय.”

सर गडबडले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“करतो सर,” तो म्हणाला. “फक्त हसायचं किती, तेवढं सांगून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी निबंध गेला. समितीला निरोप देऊन तो तिच्या टेबलापाशी घुटमळला.

“मग... संध्याकाळी कॉफी घ्यायची? माझ्याबरोबर?”

“बघते,” ती सवयीने म्हणून गेली.

त्याचा चेहरा पडला. “बरं... राहू दे. समजलं.” तो दाराकडे वळलासुद्धा.

तिने कपाळावर हात मारला.

“अहो! माझ्या ‘बघते’चा अर्थ अख्ख्या विभागाला कळतो... तुम्हालाच तेवढा कळू नये?”