सोमाला कुणी चालवलं

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका. मखमलाबादचा सोमा, सुरगाण्याच्या वाटेवर जीप चालवायचा तो. हे त्याच्या बाबतीत घडलं. मला त्यानंच सांगितलं, तेही मान वर न करता.

दिवाळीच्या तोंडावर सोमा मोटरसायकलवरून देवळ्याला कांद्याचं बी आणायला निघाला. चांदवडच्या पुढं खडीवर गाडी घसरली आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. नाशकात ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "निम्मं काम माझं, निम्मं तुमचं. रोज उठायचं, रोज चालायचं. पण रात्री एकट्यानं उठू नका."

सोमानं खिडकीकडे तोंड केलं. हेच शब्द त्यानं मागच्या साली ऐकले होते. आईसाठी.

आई म्हणजे चिमणाबाई. अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. रात्री तिला धरून बाथरूमला न्यायचं काम सोमाचं, कारण त्याच्या बायकोला, उज्वलाला, तिचं वजन पेलायचं नाही. थोडे दिवस त्यानं नेलं, ती एक पाय घासत चालायची. मग ती हाक मारायची, "सोमा... ए सोमा..." आणि हा पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहायचा. झोपेचं सोंग. सकाळी चादर ओली. "माझ्याच्यानं ऱ्हावलं नाय रे," असं म्हणून म्हातारी भिंतीकडे वळायची. पुढं तिनं हाक मारणंच सोडलं. चालणं सुटलं, पाठीला जखमा झाल्या आणि पावसाळ्यात ती गेली. लोक म्हणाले, वय झालं होतं. सोमानंही मान हलवली.

तर मागच्या कार्तिकातली अमावस्या, गुरुवार. उज्वला आजारी भावाला बघायला सटाण्याला गेली होती. रात्री येते म्हणाली होती. सोमा खाटेवर, पायाला पट्टा आवळलेला. जेवणवेळ टळली तशी लाईट गेली. तो वाट बघत पडला. लघवी दाबून दाबून पोट दुखायला लागलं, पण उठायची हिंमत होईना.

मग बाहेरची कडी वाजली.

"आलीस का? मला बाथरूमला ने. कधीचा थांबलोय."

काखेत हात आला. बारीक, पण घट्ट. त्याला उठवलं. वॉकर पुढं सरकवला.

अंधार. वॉकर टेकायचा. सोमाचा पाय पडायचा. आणि शेजारून एक पाऊल... नीट पडायचं. दुसरं मात्र फरशीवर घासत यायचं.

"पाय दुखतोय का गं तुझा?"

...

परत येताना, निम्म्या वाटेत, खिशातला फोन वाजला. उज्वला होती.

"अहो, बॅटरी गेली होती म्हणून फोन केला नाय. गाडीच मिळाली नाय मला. सटाण्यातच हाय, सकाळी येते. एकटे उठू नका हं."

फोन बंद झाला.

काखेतला हात तिथंच होता.

सोमा हलला नाही. फोनचा उजेड पाडला असता तर दिसलं असतं सगळं. त्यानं फोन पालथा करून छातीशी दाबला. भीती होतीच. पण त्या उजेडात आपलं तोंड तिला दिसेल, हे त्याला सहन होईना.

"आई..."

त्यानं दुसऱ्या हातानं वॉकर घट्ट धरला.

"आई, मी जागा असायचो."

मग कानाशी, दमलेल्या आवाजात...

"ठावं हाय मला."

...

"चल. पाय टाक."

त्यानं टाकला. पुन्हा टाकला. खाटेपाशी आला, बसला. कुणीतरी त्याचा पाय उचलून वर ठेवला. गुडघ्याला धक्का नाही लागला.

सकाळी उज्वला आली. दारातच थबकली.

"रात्री सोबतीला कोणाला बोलावलं होतं?"

"कोणाला नाय."

खाटेला लागून जमिनीवर गोधडी अंथरलेली होती. आईची, माळ्यावर ठेवलेली. ती काढायची तर शिडी लागते. उज्वला घडी करायला वाकली आणि तिचा हात तसाच राहिला.

"अहो..." ती हळूच म्हणाली. "ही अजून गरम हाय."