मुक्या कॅनरीचा सौदा

खमासीनचा, वाळवंटातून धूळ आणणारा वारा सुटला होता. विद्यापीठामागच्या झेरॉक्सच्या गल्लीत दुकानदारांनी कागदांच्या गठ्ठ्यांवर फरशीचे तुकडे ठेवले होते, तरी एखादा कागद सुटून थेट नाईलच्या दिशेने जायचाच. मादाम सुआदच्या काउंटरवर विक्रीच्या कराराची एकच मलझमा उरली होती. मलझमा म्हणजे प्राध्यापकांच्या जाडजूड पुस्तकाचा पिळून काढलेला रस. पुस्तक न उघडता निम्मा वर्ग तिच्यावरच पास होतो. नशवाने तिच्यावर हात ठेवला... आणि पलीकडून एका मुलाचा हात येऊन पडला.

"माफ करा, ही मी आधी पाहिली."

"नुसतं पाहिलं म्हणून ताबा मिळत नाही," नशवा म्हणाली.

"वा, मेत्र, वा!" मादाम सुआद म्हणाली. वकिलांना मारायची ही हाक ती पहिल्या वर्षाच्या पोरांनाही मारायची. "मशीनची शाई संपलीय. दुसरी प्रत आज निघायची नाही. भांडायचं तर बाहेर जा, दार उघडं राहिलं की धूळ आत येते."

तो नशवाच्या पिशवीकडे बघत होता. हायलायटरचे सगळे रंग, चिकटचिठ्ठ्या, व्याख्यानं रेकॉर्ड करायचं यंत्र आणि बुटांच्या खोक्यात भरलेली प्रश्नोत्तरांची कार्डं.

"तुम्ही परीक्षा देणार आहात की स्टेशनरीचं दुकान टाकणार?"

"तुमच्याकडे काय आहे?"

"पेन्सिल."

"बस?"

"मागे रबर आहे ना तिला..."

वाऱ्याने खोक्यातलं एक कार्ड उडवलं. ते उचलायला तो काउंटरखाली वाकला. कॉलरच्या वर, मानेवर एक तीळ होता. नशवाची नजर तिथेच अडकली. तो उठून उभा राहिला, तेव्हा तिने मलझमेची स्प्रिंग उलटी फिरवून सरळ ओढून काढली होती.

"पहिला अर्धा मला, दुसरा तुम्हाला. गुरुवारी अदलाबदल. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. "मी नादेर."

मादाम सुआदने त्याच्याकडे पाहून एक भुवई वर केली.

नशवाचं हे तिसरं वर्ष दुसऱ्यांदा चाललं होतं. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत ती अडकली होती. तिथे नावाच्या क्रमाने चौघाचौघांना आत बोलावतात. प्रश्न होता वस्तूतल्या छुप्या दोषाचा. मलझमेत उदाहरण होतं फ्रीजचं... बाहेरून चकचकीत, आत बर्फ धरत नाही. तिच्या आधीच्या मुलाने तेच सांगितलं. तिनेही तेच सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, "तो फ्रीज विकला गेला, बाई. दुसरं काही सांग." तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आता बाबांनी बजावलं होतं, या वेळी राहिलीस तर गुपचूप घरी तांताला यायचं आणि भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. म्हणून तर हे रंग, ही कार्डं, हे यंत्र. जे जे विकत मिळतं ते सगळं तिने घेतलं होतं.

गुरुवार आला, मग पुढचा आला. दोघं उसाच्या रसाच्या दुकानासमोर उभ्यानेच अर्धी अर्धी मलझमा बदलायचे. तिची पानं लग्नाच्या मांडवासारखी रंगीत. त्याची पानं कोरी, गुळगुळीत, चहाचा साधा डागही नाही. नशवाने ते पाहून ठेवलं.

"आता मिट ते पान," एका गुरुवारी नादेर म्हणाला, "आणि मला सांग."

"रंग बघितल्याशिवाय आठवत नाही मला."

"परीक्षेला प्राध्यापक काय हिरवा शर्ट घालून येणार आहेत? सांग. माझ्या काकांनी शुक्रवारच्या बाजारात कॅनरी घेतली. घरी आणली, तर मुकी. खटला तुझ्याकडे आलाय."

"विकणाऱ्याने पैसे परत द्यावेत. कॅनरी घेतात ती गाण्यासाठी."

"विकणारा म्हणतो, आवाज नसला तरी दिसायला सुंदर आहे!"

"मग त्याने मुकी सुंदरी म्हणून विकायची होती."

"आणि काकांना आता तिचा लळा लागलाय. त्यांना ती परत करायची नाही."

"मग खटला कशाला आणला माझ्यापुढे? वेळ जात नाही का तुझ्या काकांचा?"

तो इतका हसला की रसाचा पेला सांडला. या सगळ्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणीच नोंदवून ठेवलं नाही. खोकं मात्र पुढच्या गुरुवारी घरीच राहिलं. नंतर यंत्रही.

तोंडी परीक्षेला नशवाच्या आधी नरमीन नावाची मुलगी होती. तिने फ्रीज सांगितला. प्राध्यापकांनी डोळे मिटले.

"सकाळपासून एवढे फ्रीज झालेत की मला थंडी वाजायला लागलीय. तू बोल. फ्रीज सोडून."

नशवाला एकही रंग आठवेना. मग तिला रसाचा सांडलेला पेला आठवला.

"एका माणसाने बाजारातून कॅनरी घेतली, सर. ती गात नव्हती..."

प्राध्यापक सावरून बसले. "आणि ती मुकी आहे हे त्याला घेतानाच ठाऊक असेल तर?"

"तर तक्रार करता येत नाही. माहीत असलेल्या दोषाची हमी विकणाऱ्यावर नसते."

"मग असा पक्षी कुणी घेईल कशाला?"

"त्याला कदाचित... तोच हवा असेल, सर."

"ते कायदा विचारत नाही," प्राध्यापक म्हणाले, पण गुण देताना हसत होते. "जा. पास."

बाहेर आवारात नादेर उभा होता, धुळीने पांढरा झालेला. तिचा चेहरा पाहून त्याने मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "एक सांगायचंय. रागावशील."

"सांग."

"ती मलझमा मला नको होती. माझा हा विषय गेल्या वर्षीच सुटलाय. त्या दिवशी मी माझे कागद बांधून घ्यायला आलो होतो... आणि तू दिसलीस. आणि तो फ्रीज... गेल्या वर्षी तुझ्या आधी तो मीच विकला होता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. मी तुझ्या मागच्या खुर्चीवर होते. तुझ्या मानेवरच्या तिळाकडे बघत बघत नापास झाले. तू काउंटरखाली वाकलास, तेव्हाच ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर मलझमा अख्खी मला मिळाली असती."

नादेरचे कान लाल झाले होते. "म्हणजे... आता मला परत करणार नाहीस?"

"माहीत असून घेतलंय, मेत्र. परत करायची सोय नाही."

आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे तिने आधी नीट पाहिलं. मग ओढणीच्या टोकाने त्याच्या मानेवरची धूळ पुसली. तीळ होता तिथेच होता.