बॅटरी खाली कोण करतं?

"आजपण मोटार मेलेलीच!" मधू धावत ओसरीवर आला. "तिघऱ्याच्या धरणावरची सहल बोंबलली!"

"आणि दौलतसिंहची नोकरीपण," त्याची धाकटी बहीण लीला म्हणाली. "बाबांनी त्याला संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितलंय."

"खोली खाली करायची?" वनमालाने विचारलं. "म्हणजे कशी?"

मधू हसत सुटला. "अगं, खाली म्हणजे रिकामी! हे सातारा नाही, ग्वाल्हेर आहे!"

वनमाला हसली नाही. तिला कालचं बोलणं आठवलं.

मे महिन्याच्या सुट्टीसाठी ती साताऱ्याहून काकांकडे आली होती. काल तिने ड्रायव्हर दौलतसिंहला माळ्याशी बोलताना ऐकलं होतं, "रोज सुबह बैटरी खाली मिलती है." लगेच जाऊन तिने सूर्याजीकाकांना सांगितलं, "बॅटरी रोज सकाळी खाली असते म्हणे!" आणि बोटाने जमीन दाखवली.

"गाडीतून काढून खाली ठेवलेली? नक्की?" काका कडाडले.

तिला नक्की ठाऊक नव्हतं. पण काका पहिल्यांदाच तिचं इतकं लक्ष देऊन ऐकत होते. ती "हो" म्हणाली. झालं! काकांनी ठरवूनच टाकलं, हा माणूस रात्री बॅटरी उतरवून कुणाच्या तरी रेडिओसाठी भाड्याने देतो.

आता काका टांग्याने कचेरीत गेले होते, आणि दौलतसिंहची बायको कडेवर पोर घेऊन भांडी बांधत होती.

"काय झालं गं?" लीलाने विचारलं.

"काही नाही. बॅटरी कशाने उतरते ते आपणच शोधू या." कारण सापडलं तर आपलं ते "हो" कुणाला सांगावंच लागणार नाही, असं तिच्या मनात आलं. त्या विचाराची लाज वाटली, तरी ती उठली.

मोटारखान्यात मधूने बॉनेट उघडलं. "चावी बंद, सगळे दिवे बंद. मग वीज जाते कुठे?"

"माठासारखी झिरपत असेल!" लीला म्हणाली.

"तेच बघायचंय. मधू, तुझ्या सायकलचा दिवा आण."

"माझाच का?"

"बॅटरी सहा व्होल्टची, आणि तोही सहा व्होल्टचा. पळ!"

वनमालाने पान्याने बॅटरीची एक तार सोडवली. ती तार आणि बॅटरी यांच्या मध्ये तिने सायकलचा दिवा जोडला. "गाडीत सगळं खरंच बंद असेल, तर हा पेटणार नाही. पेटला, तर कुठेतरी वीज जातेय."

दिवा मंद, पिवळा पेटला! स्टार्टर फिरवण्याइतकी ताकद बॅटरीत उरली नव्हती, पण एवढ्याशा दिव्यापुरती होती.

"पकड़ लिया!" मधू ओरडला.

"अजून नाही. आता एकेक फ्यूज काढ. ज्या फ्यूजने दिवा विझेल, तिकडे चोर."

मधूने सगळे फ्यूज काढले. दिवा पेटलेलाच!

"म्हणजे फ्यूज चुकवून कुणीतरी थेट बॅटरीवरून तार नेलीय," वनमाला पुटपुटली.

बॅटरीपाशी खरोखरच एक जादा काळी तार निघाली. ती गालिच्याखालून मागे गेली होती, थेट डिकीत. तिथे छताला एक मोठा दिवा होता आणि काठाशी एक बटण.

"अरे, हा तर बाबांचा दिवा!" लीला म्हणाली. "शिकारीच्या बंदुका नीट दिसाव्यात म्हणून त्यांनीच नई सडकच्या बाजारातून आणून बसवला. झाकण लागलं की बटण दाबलं जातं आणि दिवा विझतो."

वनमालाने बोटाने बटण दाबलं.

"विझला!" पुढून मधूचा आवाज आला.

तिने बोट काढून झाकण लावलं.

"पेटला!"

लीलाने झाकणाच्या फटीला डोळा लावला. "ही जाड रबरी पट्टी! लूच्या गरम वाऱ्याची धूळ आत येऊ नये म्हणून बाबांनीच चिकटवली. तिच्यामुळे झाकण वरच राहतं, बटणाला टेकतच नाही!"

म्हणजे बंद डिकीत रात्रभर दिवा जळत होता आणि कुणालाच दिसत नव्हता!

संध्याकाळी काकांनी स्वतः बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मग ते मोठ्याने हसले. "म्हणजे चोर मीच की! दौलतसिंह, सामान उतारो. ग़लती हमारी थी."

दौलतसिंहने जाण्यासाठी आणलेल्या टांग्यात दोराने बांधलेली वळकटी तशीच होती.

"शाबास, वनमाला!" काकांनी तिची पाठ थोपटली. "सुमन, आपल्या घरात इंजिनिअर आलाय!"

सुमनकाकूंनी तिच्या हातावर लाडू ठेवला. तो तोंडापर्यंत जाईना.

"हुज़ूर," दौलतसिंह हळूच म्हणाला, "बैटरी उतारने की बात आपसे कही किसने?"

काकांनी वनमालाकडे पाहिलं आणि नजर वळवली. "सुनने में आया था."

काकांनी तिला वाचवलं होतं. आता नुसतं गप्प राहिलं की झालं!

"मैंने," वनमाला म्हणाली. "मुझे खाली का अर्थ... मालूम नहीं था. फिर भी हो बोली."

मधूचं तोंड उघडंच राहिलं. दौलतसिंह तिच्याकडे वळला.

"एक बार हमसे पूछ लेतीं, बिटिया."

काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दिवा शोधलास, हुशार आहेस. पण हे बोललीस ना, ते मला जास्त आवडलं."

वनमालाने लाडू लीलाच्या हातात दिला आणि ती टांग्याकडे गेली. वळकटीची गाठ घट्ट बसली होती. नखं दुखली तरी सुटेना. दौलतसिंह शेजारी येऊन उभा राहिला. त्याने गाठ थोडी सैल केली आणि दोराचं टोक पुन्हा तिच्या हातात दिलं.